सुगडांची फेरी

आत्याच्या घरी दिवस पंख्याच्या आवाजाने सुरू होई. हा पंखा वाऱ्यासाठी नव्हता. मोटरीच्या मागच्या अंगाला माणसाएवढे उंच लोखंडी पिंप बसवलेले होते, त्याला तो जोडलेला होता आणि हाताने फिरवावा लागे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. पेट्रोल चिठ्ठीवर मिळे आणि मिळे तेवढे पुरत नसे, म्हणून गाड्या कोळशाच्या गॅसवर चालत. पिंपात बाभळीचा कोळसा भरायचा, खालच्या भोकातून पेटता बोळा आत ढकलायचा आणि पंधरा मिनिटे पंखा फिरवत राहायचे. नळीच्या तोंडाशी काडी धरल्यावर निळी ज्योत टिकली, की गॅस तयार झाला असे समजून पुढे जायचे आणि हॅन्डल मारायचे. पंखा आधी नुसता घरघरे, मग कोळसा धरू लागला की त्याचा सूर चढत जाई. आत्या चुलीपुढे भाकरी थापत असे. तो सूर ऐकून ती आतूनच ओरडे, "लाव आता काडी." तिचा अंदाज चुकलेला मला फारसा आठवत नाही.

औंढ्याच्या कडेला, रस्त्याला लागून आत्याच्या तीन खोल्या होत्या आणि शेजारी मोटरीसाठी पत्र्याची शेड. आत्याचे यजमान रस्त्याच्या मुरमाची कामे घेत. ते गेले तेव्हा मागे ही मोटर राहिली. आज जिला व्हॅन म्हणतात तशीच ती होती: पुढे दोघांची जागा, मागे लाकडी खोका आणि त्यात समोरासमोर दोन बाकडी. नातेवाइकांनी ती विकून टाकायचा सल्ला दिला. आत्याने ती ठेवली आणि औंढ्याहून बाजाराच्या गावांना फेऱ्या सुरू केल्या. मी शाळेसाठी तिच्याकडे राहायला आलो होतो. शाळा संपली तरी तिथेच राहिलो. घरात कोळसा सगळीकडे असे. रांजणावर झाकण, झाकणावर फडके, आणि तरीही पाण्यावर काळी साय. आत्याच्या ज्वारीच्या भाकरीला धुराचा एक बारीक वास असे. तो चुलीचा की मोटरीचा, हे आम्हाला कधी कळले नाही. सोबत अंबाडीची भाजी, लसणाची फोडणी वरून ओतलेली.

गाडी चालवायला कासीमचाचा होते. ते हैदराबादकडून आलेले, एकटे, पन्नाशीचे. शेडमध्येच झोपत. आत्या त्यांना दोन वेळा वाढी. त्यांचे ताट वेगळे होते, पण घासल्यावर ते मांडणीवर आमच्याच भांड्यांशेजारी लागे. यावर गल्लीत बोलले जाई. आत्या ते कानावर घेत नसे.

आत्याच्या नावावरून लोक मोटरीला 'गंगाबाईची शेगडी' म्हणत. कोळशाच्या गॅसवर इंजिनात जोर कमी. सपाटीवर ती बरी चाले, पण चढ आला की उतारूंना खाली उतरून चालावे लागे, आणि चालणारी माणसे गाडीच्या आधी वर पोहोचत. पोरे मागे धावत विचारत, "आत्याबाई, शेगडीवर भाकर भाजली का न्हाई?" आत्या उत्तर देई, "भाजली. तुझ्या बापानं खाल्ली."

गाडी मला कासीमचाचांनी शिकवली. कोरड्या रस्त्यावर गाडी कोणीही हाकतो, असे त्यांचे मत होते. पावसाळ्यात ते मला काळ्या रानातल्या गाडीवाटेवर नेत. काळी माती ओली झाली की वरचा बोटभर थर लोण्यासारखा होतो आणि खालची जमीन घट्टच राहते. चाक त्या दोहोंच्या मध्ये सापडते. तिथे मी पहिल्याच दिवशी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. तिने सावकाश आडवे तोंड फिरवले आणि ती तुरीच्या रानात जाऊन उभी राहिली. चाचा शांतपणे म्हणाले, "ब्रेक पो पाँव नक्को रखना, बेटा. चिकनी मिट्टी में ब्रेक दुश्मन है. गाडी की दुम जिधर जाती, चक्का उधरीच फिराना." आत्या बांधावर उभी होती. ती दमणीवाल्यांच्या, भाड्याने बैलगाडी हाकणाऱ्यांच्या घरातली. लहानपणी तिने बैल हाकले होते. ती म्हणाली, "उतारावर कासरा वढला का बैल बसतंय. त्याला चालू द्यावं, फकस्त पळू देऊ न्हाई. तुझी शेगडी काय न्यारी हाय?" पुढे तीन आठवडे मी ब्रेकशिवाय उतरायला शिकलो: गाडी पहिल्या गिअरमध्ये घालायची, क्लच सोडून द्यायचा आणि इंजिनालाच तिला धरून ठेवू द्यायचे. चिखल जास्त असेल तर अंबाडीचे दोर मागच्या चाकांच्या भोकांतून ओवून टायरवर आडवे वेढे घालायचे. वेढा सैल राहिला तर दोर आसात गुंततो, म्हणून पन्नास पावलांवर थांबून तो पुन्हा आवळायचा. परवाना मिळाला. तरी बाजाराच्या दिवशी, गाडी भरलेली असताना, चाक चाचांच्याच हाती असे.

त्या वर्षी पौषात संक्रांतीच्या तोंडावर दोन दिवस पाऊस झाला. थंडीतला पाऊस आमच्याकडे कोणाला नको असतो. ज्वारी आडवी झाली आणि शिरड शहापूरचा रस्ता बैलगाड्यांना बंद झाल्यासारखा झाला. भोगीच्या दिवशी शिरडचा बाजार होता. औंढ्याच्या सखूबाई कुंभारणीने सात डालगी सुगडे भाजून ठेवली होती आणि आमची मोटर आठ दिवस आधी सांगून ठेवली होती. सुगडांचा बाजार भोगीला दुपारपर्यंतच चालतो. संध्याकाळी बायका पूजेची मांडामांड करतात, दुसऱ्या दिवशी वाण लुटतात, आणि तिसऱ्या दिवशी सुगडाला कोणी विचारत नाही. सखूबाईच्या घरात वर्षभराची ज्वारी या एका दिवसावर येई. पाऊस पहाटे थांबला, आणि त्याच पहाटे कासीमचाचांना थंडी वाजून ताप भरला. दोन गोधड्या घालूनही त्यांचे दात वाजत होते.

सखूबाई दारात आली. तिने आधी चाचांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"गंगाबाई, ह्या पोराच्या हाती माझं वरीस देऊन राहिले का मी?"

"एकोणीस वर्षांचा हाय तो. परवाना हाय त्याच्याकडं."

"परवाना दाखवून सुगडं फुटायची ऱ्हातेत का?"

आत्या म्हणाली, "मंग बैलगाडीत घाल. रस्त्यात चिखल काढत काढत संक्रांतीला पोचशील. दिगू, कोळसा भर."

मला कोणी विचारले नाही. मी कोळसा भरला. चाचांनी गोधडीतून हात बाहेर काढून दोराच्या वेटोळ्याकडे बोट दाखवले आणि पुन्हा आत घेतला.

डालग्यांत खाली भुसा, मग सुगडांचा थर, पुन्हा भुसा, असे भरले होते. आम्ही ती बाकड्यांच्या मध्ये, खोक्याच्या तळावर ठेवली. उंचावर ठेवली तर गाडीचा तोल जातो. सखूबाई मागे त्यांच्यातच बसली. आणखी चार उतारू होते. आत्या माझ्या शेजारी बसली.

औंढा सोडले तेव्हा धुके होते. ओल्या रानातून ते वर येत होते आणि दिव्यांचा उजेड त्यात शिरताच पांढरा होऊन परत आमच्याच डोळ्यांवर येत होता. मी दिवे मालवले. गॅसची गाडी थांबवली तर कोळसा मंदावतो, म्हणून थांबणेही सोयीचे नव्हते. पायी चालणाऱ्याच्या वेगाने, रस्त्याची डावी कड धरून मी निघालो. आत्याने दारातून मान बाहेर काढली. तिला दिसत माझ्याइतकेच होते, पण ऐकू जास्त येत होते. "सरळ... सरळ... थांब, म्होरं घुंगरं हायेत. बैलं हायेत उजवीकडं. आता चल." दोन गाड्या अशा गेल्या, पैकी एकही मला पुरती दिसली नाही. मागून सखूबाईचा आवाज आला, "काहून मान बाहीर काढली? ह्या पोराला दिसत न्हाई का?" आत्या म्हणाली, "दिसतंय. मला हवा लागून राहिली."

मी पुढे पस्तीस वर्षे वर्तमानपत्रात काम केले. त्या टेबलावर बसून पाहिले तर या फेरीत बातमी नाही. कोणी मेले नाही, काही जळले नाही. बातमीला काहीतरी बिघडावे लागते. न बिघडलेल्या गोष्टीला किती कष्ट पडतात हे मला त्या दिवसापासून माहीत होते, पण ते छापायला जागा मिळाली नाही.

धुके विरले तेव्हा आम्ही ओढ्याकाठच्या गावाच्या वर पोहोचलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही. पुढे जे झाले त्यावरून तिथल्या बायकांना कोणी हसावे असे मला वाटत नाही. रस्ता गावातूनच उतरत होता. दोन्ही हातांना घरे, मध्ये एका गाडीपुरती गल्ली, आणि ती शंभर-सव्वाशे पावले सरळ ओढ्यात जात होती. भोगीची सकाळ. प्रत्येक घराने आपल्या दारापुढे शेणाचा सडा घातला होता. दोन दिवसांच्या पावसाने भिजलेली जमीन, तिच्यावर दाट शेणसडा, त्यावर रांगोळ्या. वरून पाहिले तर गल्ली हिरवट आणि तुळतुळीत, घरात नुकत्याच सारवलेल्या भुईसारखी दिसत होती. दुसरी वाट नव्हती. दोन्ही बाजूंनी भिजलेले काळे रान होते.

मी खाली उतरून एक पाऊल टाकले आणि बसलोच. ओट्यावरची पोरे हसली.

मग मी चूक केली. घसरणीवर राख टाकतात हे मला चाचांनी शिकवले होते, आणि राख तर आमच्या पिंपातच होती. मी खालचे दार उघडले, फावडे भरले आणि पहिल्या घरापुढच्या सड्यावर, रांगोळीच्या मधोमध ओतले.

त्या घरातली म्हातारी हातात सुपली घेऊन बाहेर आली. सगळे गाव तिला काकी म्हणे. तिने राख पाहिली, मग मला, मग गाडीजवळ उभ्या आत्याच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले.

"भोगीच्या दिशी सवाष्णीच्या दारात राख? कोण मेलं व्हय आमचं? अन् ती बी असल्या बाईच्या मोटरीतली!"

दारादारांतून बायका बाहेर आल्या. एकीने मुलाला उचलून आत नेले. मी फावडे हातात धरून उभा होतो. ते कुठे ठेवावे हे मला सुचत नव्हते. आत्या पुढे आली. तिने पदराने हात झाकून घेतले आणि ती राख ओंजळीने गोळा करून पाटीत भरली, शेवटच्या चिमटीपर्यंत. तिला वेळ लागला.  मग ती उभी राहिली.

"चुकलं, काकी. पोराला कळलं न्हाई. राख न्हाई टाकत. पर मोटर खाली न्यायचीये. मंग वाळू टाका. वाळू तर तुमच्याच वढ्याची हाय, तिचा काय इटाळ?"

"आमी काहून टाकावी?" काकी म्हणाली. "आमाला काय पडलंय तुमच्या शेगडीचं?"

सखूबाई तोवर मागून खाली उतरली होती. तिने एक सुगड भुशातून काढून डोक्यावर उंच धरले.

"काय पडलंय? आगं, उद्या संकरात हाय. तुमी काय तांब्यात बोरं घालून पुजणार का? सात डालगी हायेत आत. गेली ती वर अडकून, तर उद्या शिरडात न्हाई, तुमच्यात न्हाई, कुठंच सुगड न्हाई. माझं काय, मी औंढ्याला माघारी जाते. बसा मंग गाडग्याला हळद लावत!"

 मागून काकीची सून म्हणाली, "आत्त्याबाई, आपली तर पाचबी सुगडं आणायचीच हायेत." दुसरी हसली. काकी हसली नाही. पण सुपली ओट्यावर ठेवून तिने पाटी उचलली आणि ओढ्याकडे चालू लागली.

मग जे झाले ते मी पुन्हा कुठे पाहिले नाही. वीस-बावीस बायका लुगड्याचे काष्टे खोवून ओढ्यात उतरल्या आणि पाट्या भरभरून वाळू वर आणू लागल्या. प्रत्येकीने आपल्याच दारापुढे, आपल्याच सड्यावर आणि आपल्याच रांगोळीवर ती पसरली. दुसरीच्या दारात कोणी टाकली नाही; तो मान जिचा तिचा होता. सखूबाई मधून हिंडत ओरडत होती, "चाकाच्या वाटंला टाका गं, मधी कशाला? मधून काय माझी वरात निघतीय का?" मी तेवढ्यात अंबाडीचे दोर चाकांवर चढवले, आवळले, पुन्हा आवळले. उतारूंना उतरवले. सखूबाई मात्र परत वर चढली.

"तू उतर," आत्या तिला म्हणाली.

"सुगडं वर, तर मीबी वर. फुटलो तर संगं फुटू."

आत्यानेही आपले दार उघडले आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली.

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, क्लच हळूहळू सोडला आणि उजवा पाय उचलून बैठकीखाली दुमडून घेतला, कारण त्याच्यावर माझा भरवसा नव्हता. गाडी उताराला लागली. इंजिनाने तिला धरले. पहिली चार घरे नीट गेली. वाळू टायरखाली करकरत होती. पाचव्या घरापुढे वाळू कमी पडली होती. मागचे अंग उजवीकडे सरकले, घाई न करता, तुरीच्या रानात सरकले होते तसेच. उजवीकडे ओटा होता आणि ओट्यावर बाया उभ्या होत्या. माझा पाय बैठकीखाली आपोआप ताठ झाला. तो मी तिथेच दाबून ठेवला आणि चाक उजवीकडे, ओट्याच्या दिशेने, फिरवले. बाया किंचाळल्या. एक श्वासभर काहीच झाले नाही. मग दोराने वाळू पकडली, गाडीची शेपटी सरळ झाली आणि मी चाक परत मध्यावर आणले. ओट्याला आमचा मडगार्ड लागला नाही. हातभर अंतर राहिले होते. मी परतताना चाकांच्या खुणांवरून पाहिले. बाकीची घरे एकामागून एक मागे गेली. ओढ्याची वाळू आली, पाणी पोटरीइतके होते, आणि आम्ही त्यात उतरलो.

समोरचा चढ काळ्या मातीचा होता. गावातले गडी ढकलायला आले होते. इथे मला जी गोष्ट कळली ती चाचांनाही माहीत नव्हती, कारण त्यांनी आयुष्य पेट्रोलवर काढले होते. जोरदार गाडी चिखलाच्या चढावर चाक गरागरा फिरवते आणि स्वतःसाठी खड्डा खणते. आमच्या शेगडीत तेवढा जोरच नव्हता. चाक फिरायचे ते माती धरूनच फिरायचे. ती धापा टाकत, बैल चालतो तशी एकेक पाऊल वर गेली, एकदाही जागच्या जागी फिरली नाही, आणि ढकलायला आलेले गडी हात मोकळे ठेवून तिच्या बाजूने नुसते चालत राहिले. वर पोहोचल्यावर त्यांतला एक म्हणाला, "आयला, आमचं काम काय मंग?" मागच्या काठावरून बायकांचा आवाज आला. त्या हात हलवत होत्या.

शिरडच्या बाजारात आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे सुगड विकायला दुसरे कोणी नव्हते. बाकीच्या कुंभारांच्या गाड्या चिखलात होत्या. सखूबाईने डालगी सोडली आणि प्रत्येक सुगड बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. नादावरून तड कळते. टण्, टण्, टण्. तिच्याभोवती गर्दी झाली होती, पण वाजवल्याशिवाय ती एकही देईना. सातव्या डालग्याच्या तळाशी हात गेला तेव्हा ती माझ्याकडे वळली. 

"एकबी न्हाई," ती म्हणाली. मग गर्दीकडे तोंड करून ओरडली, "एकबी न्हाई फुटलं! घ्या गं बायांनो, मोटरीतली सुगडं घ्या! बैलगाडीतली तर दरसाल फुटतेतच!"

दुपारी डालगी रिकामी झाली. ओढ्याकाठच्या गावासाठी घरटी पाच या हिशेबाने तिने एक डालगे आधीच बाजूला काढले होते.

परतताना आम्ही गल्लीच्या तळाशी थांबलो. बायकांनी सुगडे नेली. काकी सगळ्यांत शेवटी आली. तिने आपली पाच उचलली, वरच्या टोकाच्या आपल्या घरी ठेवून परत आली आणि आत्यापुढे उभी राहिली.

"चल, दोन घास खाऊन जा."

"उशीर व्हतोय, काकी."

"भोगीच्या दिशी दारातून उपाशी जाते का कोणी?"

आम्ही तिच्यामागे गल्ली चढून गेलो आणि आत्या तिच्या ओट्यावर चढली. काकीने तिला उंबऱ्याच्या आत, चुलीशेजारी, पाटावर बसवले. मी आणि सखूबाई बाहेर ओट्यावर. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि खेंगट: गाजर, वांगी, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, सगळे एकत्र शिजवलेले. दाट, गरम, तिळाच्या कुटाने चिकट झालेले. मी तीन भाकरी खाल्ल्या. आतून काकीचा आवाज ऐकू येत होता, "घे अजून. वाळू वाहून माझी कंबर गेली, तुझं काय गेलं? घे." आणि मग आत्याचे हसणे. ती घरात कमी हसे.

खाली गाडीपाशी परत आलो तेव्हा ऊन तिरपे झाले होते. गल्लीचा तोच चढ आता समोर होता. वाळू चाकांखाली दबून बसली होती, मध्ये रांगोळीचे पांढरे तुकडे दिसत होते. मी पंखा फिरवून इंजिन चालू केले, दोर तपासले, गिअर टाकला आणि आत्याला सावध करायला वळलो. खिडकीच्या चौकटीला डोके टेकून ती गाढ झोपली होती. मी तिला उठवले नाही. गाडी वर काढली.